तापीकाठची आमची राजधानी

खान्देशाची राजधानी आज खान्देशात नाही. रावेरहून निघालं की केळीच्या बागांमधून रस्ता चोरवडपर्यंत जातो, तिथं महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. पाट्यांवरची भाषा बदलते. बाकी काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तीच केळी, उत्तरेला तोच सातपुडा आणि दक्षिणेला तीच तापी. थोडं पुढं गेलं की बऱ्हाणपूर येतं.

आमच्याकडच्या लोकांना बऱ्हाणपूर परकं मुळीच नाही. लग्नाचा बस्ता बांधायला बऱ्हाणपूर, मोठा दवाखाना बऱ्हाणपूर, कुणाची बहीण तिथं दिलेली, कुणाची सून तिथून आणलेली. माझी आत्याही तिथंच दिली आहे. पण ही आपली राजधानी होती, एकेकाळी थाळनेरपासून असीरगडापर्यंतचा सगळा कारभार इथून चालायचा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शाळेच्या सहली अजिंठा-वेरूळला गेल्या, दौलताबादला गेल्या. चोरवड ओलांडून एकही सहल गेली नाही. वय वाढत गेलं तशी ही गोष्ट मला जास्त लागत गेली, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात थाळनेरची. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं हे गाव आज कुणाच्या ध्यानात नसतं, पण खान्देशाची पहिली राजधानी तीच. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकानं १३७० मध्ये मलिक राजा फारुकीला हा मुलूख दिला, आणि १३८२ मध्ये मलिक राजानं दिल्लीशी नातं तोडून स्वतःचं राज्य मांडलं. १३९९ मध्ये तो वारला. फारुकी घराण्याच्या कबरी थाळनेरला आहेत, त्यातली एक अष्टकोनी, नक्षीकामाची. किल्ला तापीनं जवळजवळ गिळला आहे. याच किल्ल्यात १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेनं शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. थाळनेरवर वेगळं लिहायला हवं, इतकं ते एकटं पडलं आहे. इथं एवढंच सांगतो, की खान्देशाच्या दोन्ही जुन्या राजधान्या तापीच्या काठावर बसल्या. नदी सोडून राज्य करायचा विचार त्या काळी कुणी केला नाही.

मलिक राजाचा मुलगा नासीर खान. त्यानं असीरगड घेतला. गड आसा अहीर नावाच्या गवळी सरदाराकडं होता. जुना इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की नासीर खानानं बायकामुलांना आसरा हवा म्हणून डोल्या गडावर पाठवल्या आणि डोल्यांतून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. आसा अहिरानं विश्वासानं दार उघडलं होतं. त्याचं नाव गडाला राहिलं, गड मात्र गेला. पुढं १४०० च्या सुमारास नासीर खानानं तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं आणि त्याला खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. समोरच्या काठावरच्या वस्तीला त्यांचेच शिष्य झैनुद्दीन यांचं नाव मिळालं, ते झैनाबाद. खुलताबादला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना ही दोन्ही नावं तिथल्या दर्ग्यांवरून माहीत असतात. तापीच्या दोन काठांवरची ती दोन गावं त्याच गुरुशिष्यांच्या नावानं उभी आहेत, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता शहर. रेल्वेनं गेलात तर स्टेशन लालबागेत, गावापासून थोडं लांब. रस्त्यानं गेलात की शनवारा दरवाजा, इतवारा दरवाजा, राजपुरा, लोहारमंडी, शिकारपुरा अशी नावं एकामागून एक यायला लागतात. यांतले दरवाजे जुन्या कोटाचे. पहिल्या निजामानं, म्हणजे निजाम-उल-मुल्क असफजाहनं, १७३१ मध्ये शहराला विटांची तटबंदी घातली. पुढं १७४८ मध्ये तो बऱ्हाणपुरातच वारला आणि त्याला नेऊन पुरलं ते खुलताबादला. तटबंदी पुष्कळशी पडली, दरवाजे मात्र उभे आहेत आणि त्यांच्यातून रिक्षा, हातगाड्या आणि शाळेतली पोरं रोज जातात. मला हे आवडतं. कुंपण घालून, तिकीट लावून ठेवलेल्या दरवाज्यापेक्षा ज्याच्यातून भाजीची गाडी जाते तो दरवाजा मला जास्त जिवंत वाटतो. फक्त त्यावर जाहिरातींचे फलक आणि विजेच्या तारा लटकवू नयेत, एवढं तरी व्हावं.

गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या. जुन्या घरांना लाकडी खांब, वरच्या मजल्याला बाहेर आलेला सज्जा आणि खाली दुकान. काही मोहल्ल्यांत शिरलं की आधी आवाज येतो तो यंत्रमागांचा. दिवसभर खटखट, खटखट. आत्याच्या घराच्या मागच्या बाजूला माग आहेत, तिला त्याशिवाय झोप लागत नाही. ही खटखट जुनी आहे. टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी १६४१ मध्ये आणि पुन्हा १६५८ मध्ये इथं आला. शहर पडीक झालंय, घरं बहुतेक गवतानं शाकारलेली आहेत, असं तो लिहितो, आणि लगेच पुढं इथल्या तलम कापडाचं वर्णन करतो. ते कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पार पोलंडपर्यंत जायचं. त्याआधी १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो इथं शहजादा परवेझला भेटला होता, त्यालाही घरं मातीचीच दिसली. राजधानी म्हणजे महालच महाल, ही आपली समजूत बाजूला ठेवायला लागते. चार मोठे वाडे, एक किल्ला, एक मशीद, आणि भोवती मातीच्या घरांत राहणारे विणकर, रंगारी, जरीवाले. शहर त्यांच्यावर चालायचं.

गांधी चौकात उभं राहिलं की जामा मशीद समोर येते. मी बऱ्हाणपुरातली सगळ्यात महत्त्वाची इमारत कोणती म्हणून विचारलं तर जमिनीवरच्या इमारतींमध्ये हिचंच नाव घेईन. चौक गजबजलेला. फळांच्या गाड्या, कापडाची दुकानं, चपला, अत्तरं. दरवाज्यातून आत पाऊल टाकलं की मोठं फरसबंद अंगण, पाण्याचे हौद, आणि समोर पंधरा कमानींची रांग. दोन्ही टोकांना उंच मिनार. घुमट नाही. आत गेल्यावर खांबांच्या रांगा आणि वर दगडी कमानींचं छत, त्यामुळं भर उन्हाळ्यात गारवा. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहानं, ज्याला राजा अलीखान म्हणतात, त्यानं ही मशीद बांधली. हिजरी सन ९९७.

पण मी सांगणार आहे ते आतल्या एका लेखाबद्दल. पहिल्यांदा मला तो दिसलाच नव्हता. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाताला धरून नेलं, मोबाइलची बत्ती भिंतीवर मारली आणि म्हणाले, ‘पढो बेटा, ये तो तुम्हारी लिपी है.’ वर अरबी लेख आहे, आणि त्याच्याच खाली नागरी लिपीत संस्कृत लेख. अक्षरं उठावाची, जवळजवळ बसवलेली, काही ठिकाणी चुन्यानं भरलेली. सुरुवात ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’ अशी. पुढं श्लोक:

अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् ।
व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥

निराकार, सर्वव्यापी, गुणांच्या पलीकडचा, सगळ्या दिसणाऱ्याचं मूळ असलेला ईश्वर. मूर्ती न मानणाऱ्या धर्मातल्या सुलतानानं पंडिताला बोलावलं आणि त्या पंडितानं आपल्या पोथ्यांतले नेमके तेच शब्द काढून दिले, जे दोघांनाही म्हणता येतील. कोण होता तो पंडित, त्याचं नाव लेखात नाही. पण त्यानं हे काम मनापासून केलं आहे. लेखात फारुकी राजांची वंशावळ आहे. मग संवत १६४६, शके १५११, पौष शुक्ल पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, घटिका, लग्न, सगळं आपल्या घरातल्या लग्नपत्रिकेत असतं तसं रीतसर दिलं आहे. इंग्रजी हिशोबानं ती १५९० च्या जानेवारीतली तारीख. शेवटी, ही ‘मसीति’ स्वधर्मपालनार्थ बांधली, असं स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःचा धर्म पाळायला बांधलेल्या मशिदीचा मुहूर्त त्या राजानं पंचांगातून काढून दगडात कोरला.

मी त्या भिंतीपुढं बराच वेळ उभा होतो. बाबा मधूनमधून बत्ती हलवून पुढची ओळ दाखवत होते. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठं संपते ते पाठ होतं. आजच्या वातावरणात हा लेख आपल्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकात छापला पाहिजे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. याच मशिदीत आणखी एक लेख आहे, फारसी, अकबराच्या दक्षिण स्वारीची नोंद करणारा. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला, शेवटचा फारुकी सुलतान बहादूर खान कैद झाला आणि खान्देशाचं राज्य संपलं. अकबरानं मुलाच्या, दानियालच्या नावावरून सुभ्याला दानदेश असं नावही देऊन पाहिलं. ते टिकलं नाही. दानियालही टिकला नाही, दारूपायी १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच गेला. एकाच इमारतीत राज्य उभं राहिल्याचा आणि राज्य बुडाल्याचा असे दोन्ही लेख असलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

मशिदीतून निघून तापीच्या दिशेनं चालत गेलं की शाही किल्ला. याच्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण बाकी सगळे याच्याचबद्दल सांगतात. किल्ल्याचा बराचसा भाग ढासळला आहे. नदीच्या बाजूनं पाहिलं तर मजल्यावर मजले, कमानी, खाली राजघाट. आत हमाम आहे, त्याच्या छताला रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे आणि ती खरोखर पाहण्यासारखी आहे. मान वर करून पाहिलं की निळ्या-तांबड्या फुलांची वेल घुमटाच्या कडेनं फिरत जाते, मध्येच खपली पडून पांढरी होते, पुन्हा उगवते. इथंच १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. मुलगी झाली, तिचं नाव गौहर आरा. मुमताजला नदीपलीकडं झैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे बादशहाच्या हरणांच्या बागेत, तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आग्ऱ्याला नेलं.

गाईड हीच गोष्ट सांगतात, पर्यटकही हीच ऐकायला येतात. त्या बाईचं दुःख मी कमी लेखत नाही. पण बादशहा ज्या वर्षी इथं होता, ते वर्ष काय होतं हे कुणी सांगत नाही. १६३० ते १६३२ हा गुजरात, खान्देश आणि दख्खनमधला भयंकर दुष्काळ. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस १६३० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला. वाटेत रस्त्याच्या कडेला जागोजाग प्रेतं पडलेली होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तो सुरत-बऱ्हाणपूर रस्ता म्हणजे आमचाच तापीकाठचा मुलूख. नंदुरबार, थाळनेर, चोपडा. ती माणसं आमच्या पूर्वजांपैकीच असणार. त्यांच्या नावानं या शहरात एक दगडसुद्धा नाही. हमामच्या छताखाली उभं राहून वेल पाहताना मला हेच आठवत राहतं.

कबरी पुष्कळ आहेत. उतावली नदीकाठी शाहनवाज खानाची काळ्या दगडाची, तिला लोक काळा ताजमहाल म्हणतात. शाहशुजाच्या बेगमेची, बिलकिसची, खरबुजी घुमटाची छोटीशी, आतून चित्रांनी भरलेली. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी, तिथली स्वच्छता आणि शिस्त पाहून यावं. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये दक्षिणेकडं जाताना इथं थांबले, त्यांची आठवण सांगणारं बडी संगत गुरुद्वारा. कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर. स्वामिनारायण मंदिर, ज्याला आमच्याकडच्या सावदा-फैजपूरच्या घरांतली माणसं अजून नेमानं जातात. दक्षिणेत जाणारा प्रत्येकजण इथं थांबला आणि थांबलेल्यानं काही ना काही ठेवलं.

मराठी माणसाला मात्र बऱ्हाणपूर आठवतं ते दोन गोष्टींनी. एक, मिर्झाराजे जयसिंग. १६६५ मध्ये ज्यांनी शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला, ते १६६७ मध्ये दक्षिणेतून परत जाताना बऱ्हाणपुरातच वारले. गावाबाहेर, तापीला मोहना नदी मिळते त्या बाजूला त्यांची छत्री आहे. ‘राजा की छत्री’ म्हणतात. चौथरा, खांब, वर घुमट्या, चारी बाजूंनी उघडी. तेवीस किल्ले घेणारा एवढा मोठा सेनापती आपल्या गावापासून इतक्या लांब, खान्देशाच्या मातीत गेला. तिथं दुपारी चिटपाखरू नसतं.

दुसरी गोष्ट १६८१ ची. राज्याभिषेक झाल्यावर पंधरवड्यातच संभाजी महाराजांच्या फौजेनं, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली, बऱ्हाणपुरावर झडप घातली. आतलं शहर वाचलं, पण बाहेरचे पुरे, म्हणजे शहराबाहेरच्या वस्त्या, लुटले गेले, त्यात बहादरपूर सगळ्यात श्रीमंत. मोगलांचा दक्षिणेतला खजिना, रसद, व्यापार सगळं या शहरातून चालायचं, म्हणून हा घाव वर्मी बसला. त्याच वर्षीच्या अखेरीस औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला, तो उत्तरेत परत कधीच गेला नाही. लहानपणी हे ऐकताना छाती फुगायची आणि आजही त्या धाडसाचा अभिमान वाटतो. पण बहादरपूरच्या गल्लीतून आत्याकडच्या भाच्याबरोबर चालताना हेही जाणवतं, की त्या तीन दिवसांत ज्यांची घरं फुटली ते सराफ आणि विणकर याच मुलखातले होते. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवायला मला तरी अडचण वाटत नाही. खान्देशी माणसाला तशी सवयच असावी. आमच्या मुलखातून सगळ्यांच्या फौजा गेल्या.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथं येतो. या राजधानीची सगळ्यात थोर इमारत जमिनीच्या वर नाहीच. कुणी तिला कुंडी भंडारा म्हणतं, कुणी खूनी भंडारा. गावाबाहेर, सातपुड्याच्या बाजूला, उघड्या माळावर गोल दगडी कठड्यांची एक रांग दिसते. साधारण सारख्या अंतरावर एकेक, ओळीत, गावाच्या दिशेनं जाणारी. शंभरावर आहेत. माहीत नसेल तर पडक्या विहिरी समजून माणूस पुढं जाईल.

१६१५ च्या सुमाराची गोष्ट. अब्दुल रहीम खानखानान मोगलांचा इथला सुभेदार होता. शहरात फौजेचा तळ, हत्ती-घोडे, बाजार, आणि पाणी मात्र अपुरं. तापी खाली, शहर वर. त्यात शत्रूनं नदीत विष कालवलं तर काय, ही धास्ती. मग तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराला काम दिलं. त्यानं मुलूख फिरून पाहिला. सातपुड्यावर पडणारा पाऊस मुरतो आणि जमिनीखालून उताराउतारानं तापीकडं सरकत जातो, हे त्यानं ओळखलं. त्या झऱ्यांना वाटेतच आडवायचं, जमिनीखाली चुन्या-विटांचा बोगदा बांधायचा, त्याला बेताचा उतार द्यायचा आणि पाणी आपल्या पायांनी शहरात येऊ द्यायचं. वर दिसतात त्या कुंड्या म्हणजे या बोगद्यात उतरायच्या विहिरी. त्यांतून हवा आत जाते, उजेड जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. ना मोट, ना रहाट, ना पंप. असे एकूण आठ भंडारे बांधले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावं. गावात जाली करंजपाशी पाणी जमा व्हायचं आणि तिथून पुढं वाटलं जायचं.

एका कुंडीत खाली उतरायला लोखंडी पाळणा बसवला आहे. दोन-तीन माणसं कशीबशी उभी राहतात. पाळणा हलत खाली जातो, वरचं आकाश थाळीएवढं होतं, मग वाटीएवढं. खाली पाय ठेवला की घोट्याच्या वर पाणी, गार, वाहतं. बोगदा माणूस वाकून चालेल एवढा. भिंतींना हात लावला की खडबडीत लागतात. चारशे वर्षं झिरपणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर बसून पांढरा झाला आहे, कुठं त्याला लोंब्या सुटल्या आहेत, कुठं पेजेचा थर वाळावा तसा तो विटांवर पसरला आहे. बत्ती विझवली की पुढच्या कुंडीतून पडलेला उजेडाचा गोल पाण्यात दिसतो, त्याच्यापुढं आणखी एक, त्याच्यापुढं आणखी एक. मी ओंजळ भरून पाणी प्यायलो. चव आमच्या जुन्या विहिरीच्या पाण्याची.

रहीमचा दख्खनमधला मोठा शत्रू म्हणजे मलिक अंबर. निजामशाही वाचवण्यासाठी मोगलांशी आयुष्यभर झुंजलेला हबशी वजीर. रहीमच्या फौजा आणि अंबरच्या फौजा वर्षानुवर्षं एकमेकांवर चालून जात होत्या. आणि त्याच काळात, साधारण त्याच दोन-तीन वर्षांत, अंबरनं खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी. तत्त्व तेच. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, दोन वैरी एकाच विद्येनं आपापल्या शहरांना पाणी पाजत होते. अंबर १६२६ मध्ये गेला, रहीम १६२७ मध्ये. दोघांच्या लढाया कोण जिंकलं ते आज कुणाला आठवत नाही, पण बऱ्हाणपुरातलं पाणी अजून वाहतं आहे.

आता हे लिहिताना मला आमचे रावेर-यावलचे शेतकरी दिसतात. केळीला पाणी लागतं आणि ते आम्ही उपसत आलो. विहिरी आटल्या, मग बोअर, मग आणखी खोल बोअर. सातपुड्याच्या पायथ्याची आमची जमीनही पाणी मुरवणारीच आहे, तबकुतुल अर्जनं पाहिली तशीच. भूजलाची पातळी सांगणाऱ्या बैठका होतात, आकडे येतात. त्या बैठकांना जमणाऱ्या प्रत्येक माणसाला मी एकदा त्या पाळण्यातून खाली नेईन. खालचं पाणी येतं कुठून, चालतं कसं, हे तिथं पायाला कळतं. आणि वरच्या माळावर खाणी, वीटभट्ट्या, बांधकामं वाढली, झाडी तुटली, तर तेच पाणी थांबेल, हेही तिथंच कळतं. आठांपैकी सगळे भंडारे आज शाबूत नाहीत. मार्च २०२४ मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला, ही आनंदाची गोष्ट. यादीत येण्यानं कठड्याभोवतीचा कचरा मात्र हटत नाही, तो माणसांनीच हटवावा लागेल.

राहतो प्रश्न, की ही राजधानी आमच्यापासून सुटली कशी. पुष्कळांना वाटतं १९५६ मध्ये किंवा १९६० मध्ये, राज्यं झाली तेव्हा. तसं नाही. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामानं बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांना दिले. पुढं ते शिंद्यांकडं गेले. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि तहात शिंद्यांना परत दिले. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या हाती आला तेव्हा बऱ्हाणपूर शिंद्यांच्याच मुलखात होतं. त्यामुळं खान्देश मुंबई इलाख्यात गेला आणि त्याचं जुनं मुख्य शहर बाहेर राहिलं. १८६० च्या आसपास शिंद्यांकडून बऱ्हाणपूर इंग्रजांकडं आलं, ते निमाड जिल्ह्यात, मध्य प्रांतात घातलं गेलं. तेव्हापासून ते खांडव्याशी बांधलेलं होतं, २००३ मध्ये वेगळा जिल्हा झाला.

आणि इकडं, राजधानी नसलेल्या खान्देशासाठी कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१८ मध्ये पांझरेकाठचं धुळे निवडलं. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, त्यांना नावंही नाहीत, नंबर. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार. धुळ्यावर माझा राग नाही. इतिहासाचार्य राजवाडे याच गावात राबले आणि याच गावात गेले, विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात इथं पांझरेवर पाण्याचं काम केलं. धुळ्यानंही पुष्कळ दिलं. पण धुळे जिल्ह्याचं ठाणं म्हणून वसलं, ते कचेरीसाठी. बऱ्हाणपूर तापीला, संताच्या नावाला आणि विणकरांना धरून वाढलं. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, आता तीन जिल्हे आहेत. तुकडे मोजताना चौथा मोजायचा राहतो, तो चोरवडच्या पलीकडचा.

मला सरहद्द हलवायची नाही. तो विषयच नाही. मला एवढंच हवं आहे, की रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळच्या शाळांनी वर्षातून एक दिवस तिकडं जावं. शनवाऱ्यातून शिरावं. सकाळी, ऊन चढायच्या आत, कुंडी भंडारा. पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढं, तेव्हा माळही हिरवा असतो. दुपारी जामा मशीद, नमाजाच्या वेळा टाळून, आणि संस्कृत लेख पाहायचा आहे असं आधी सांगून, म्हणजे दाखवणारं कुणीतरी भेटतं. मुलांना तो श्लोक फळ्यावर लिहून आधीच पाठ करून घ्यावा. संध्याकाळी राजघाटावर तापी. बाजारात मावा जिलेबी मिळते, थंडीत दराबा मिळतो. भाषेची अडचण येणार नाही, अर्धं गाव मराठी बोलतं आणि उरलेल्या अर्ध्याला आपलं बोलणं समजतं. मुक्काम करायचा असेल तर आत्याचं घर आहे, पण तिथं मागांची खटखट रात्रभर चालते, हे आधीच सांगून ठेवतो.